शनिवारची म्हातारी

त्या काळात अख्ख्या मुंबईत माझ्यासारखा ड्रायव्हर शोधून सापडला नसता. सापडला असता तर धन्यांनी त्यालाच ठेवला असता.

धनी म्हणजे माझे मालक. मूळचे मालवणचे, माझ्यासारखेच. फरक एवढाच की ते मुंबईत येऊन लाकडाच्या वखारीचे मालक झाले आणि मी मुंबईत येऊन त्यांचा ड्रायव्हर झालो. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि मला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणजे दोघं मिळून कसाबसा एक ड्रायव्हर व्हायचा. मी चाक फिरवायचो, ते मागे बसून पाट्या वाचायचे. त्यांची वाचायची पद्धत सावकाश, पोथी वाचल्यासारखी. "डावीकडे ठाणे" असं वाचून होईतो ठाणं मागे पडलेलं असायचं. मग शांतपणे म्हणायचे, "ठाणा गेला. आता फुडचा वाचतंय."

मला नोकरीवर ठेवलं ती गंमतच. चार जण आले होते. तिघांकडे टोपी होती, बूट होते, चिठ्ठ्याचपाट्या होत्या. माझ्याकडे गावच्या बैलगाडीचा अनुभव आणि गॅरेजात गाड्या धुतल्याचा अनुभव. धन्यांनी कुणाला गाडी चालवायलाच सांगितली नाही. वखारीमागे एक वडाचं झाड होतं, त्याच्याखाली आम्हाला नुसतं बसवलं आणि निघून गेले. ते तिघे उभ्याउभ्याच वाट बघत राहिले, पाटलोणी मळतील म्हणून. मी बसलो, मग टेकलो, मग झोपलो. धनी आले ते माझ्या घोरण्यानेच आले म्हणतात. मला पायाने ढोसलं आणि विचारलं, "खंयचो रे तू?"

"मालवणचो."

"जमिनीर झोप लागता तुका?"

"पडलंय काय लागता."

"उद्यापासून ये."

जमिनीवर झोपण्याचा आणि गाडी चालवण्याचा काय संबंध, ते मला पहिल्या शनिवारी कळलं.

धन्यांना एकच नाद होता. दारू नाही, पत्ते नाहीत, नाटक नाही. दर रविवारी बायकापोरांना गाडीत घालून मुंबईबाहेर न्यायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी आणायचं. पवईचं तळं, घोडबंदर, अंबरनाथचं देऊळ, वज्रेश्वरीची कुंडं, ठाण्याला वळसा घालून पनवेलकडची नदी. त्या वेळी गाडीवाले लोक तसे थोडे, आणि गाडी असून असं झाडाखाली जाऊन बसणारे त्याहून थोडे. शेजारी हसायचे. वखारीत कोणी लाकूड घ्यायला आला की धनी आधी विचारणार, "तुमच्या गावाला सावली कशी आहे हो? नदीला पाणी कितपत? पोरं बुडतील एवढं, की पाय भिजतील एवढं?" गिऱ्हाईक सागाचा भाव विचारतोय आणि धनी त्याच्या गावची चिंच किती पसरलेली आहे ते विचारतायत. लोकांना वाटायचं हा माणूस जमीन घेणार.

पण जागा ऐकली आणि रविवारी गेले, असं नाही. आधी शनिवारी तिथे जायचं. फक्त ते आणि मी. रविवारची सगळी सहल शनिवारी करून बघायची, आणि सहलीला जी जी माणसं येणार ती सगळी मी.

"आता तू धाकटी," असं धनी म्हणायचे. धाकटी म्हणजे त्यांची चार वर्षांची पोर. मग मी काय करायचं, तर अनवाणी धावायचं. सहा फूट उंच, मिशीवाला, खाकी कपड्यातला मी, नदीकाठाने "बाबाऽ" करत धावायचो. काटा लागला की थांबून सांगायचं, "हंय बाभूळ आसा." धनी ती जागा सोडून सतरंजीची जागा दुसरीकडे धरायचे. मग "आता तू वहिनी." वहिनी म्हणजे त्यांची बायको, दादरची. मग मी उकिडवा बसून तीन दगड मांडायचो आणि काडी पेटवून बघायचो, वारा कुठून येतो, धूर कोणाच्या डोळ्यात जातो. धनी गुळाचा एक खडा जमिनीवर ठेवून मुंग्या येतात का ते बघत बसायचे. मुंग्या लवकर आल्या तर जागा बाद. गूळ मी खायचो. मुंग्यांसकट.

ते म्हणायचे, "जागा डोळ्यांनी बघूची नाय रे, बुडान बघूची." आणि सगळ्यात शेवटी म्हणायचे, "आता तू म्हातारी."

हा भाग मोठा होता. गाडीतून उतरताना आधी एक पाय, मग दाराला धरून दम, मग दुसरा पाय. गुडघ्यावर हात ठेवून चढ चढायचा. बसायचं, उठायचं, परत बसायचं. "कंबर काय म्हणता?" धनी विचारायचे. "धरलीहा," मी म्हणायचो. मग आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. ऊन कलंडून सावली कुठे सरकते ते धनी बघत उभे राहायचे आणि ऊन माझ्या तोंडावर आलं की मला पायाला धरून सावलीत ओढायचे. एवढी ओढाताण होऊन मला झोप लागली तर जागा पास. "पोर हसला तर जागा बरी. म्हातारी निजली तर मगे उत्तम." माझ्या झोपेवर त्या माणसाचा एवढा विश्वास होता, की तेवढा माझ्या गाडीवर माझा पण नव्हता.

माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरायला बराच काळ गेला. तशा माझ्या डोक्यात सगळ्याच गोष्टी उशिरा शिरतात. धन्यांच्या घरात म्हातारी नव्हतीच. वहिनींची आई भिंतीवर होती, हार घातलेली. रविवारी गाडीत धनी, वहिनी, तीन पोरं, डबे आणि मी. तरी सतरंजीवर झाडाच्या बुंध्याजवळची, सावली सगळ्यात जास्त टिकेल ती जागा मोकळी ठेवायची. पोरं तिकडे सरकली की धनी म्हणायचे, "तिथे नको." एकदा मी विचारलं, "धन्यानू, म्हातारी खंय आसा?"

"येतली," एवढंच म्हणाले.

दारूबंदीचे दिवस होते ते. घोडबंदरला एकदा मी असाच खाडीकाठी आडवा पडून "अगो बाय, कंबर" करत होतो आणि धनी माझ्या पायाशी उभे राहून आभाळाकडे बघत होते. तेवढ्यात पोलीस आला. आडव्या माणसाला बघून पोलिसाने करायचं तेच त्याने केलं, माझ्या तोंडाचा वास घेतला. तोंडाला कांदा. मग धन्यांच्या तोंडाचा घेतला. तोंडाला काहीच नाही. मग तर त्याला जास्तच संशय आला.

"हा का पडलाय?"

धनी पोलिसांशी बोलताना एकदम शुद्ध बोलायचे. "आमची मंडळी उद्या येणार आहेत. आज जागा तपासतो आहोत."

"ते कळलं. हा कोण?"

"हा आज म्हातारी आहे."

पोलिसाने माझ्या मिशीकडे बघितलं. मी उठून सलाम ठोकायला हवा होता. पण म्हातारीचा भाग करताना पटकन उठायचं नाही अशी सवय लागलेली, म्हणून मी आधी गुडघ्यावर हात ठेवला, मग कण्हलो, मग उठलो. आम्हा दोघांना चौकीवर नेलं. डब्यातली सोलकढी फौजदाराने स्वतः चाखून बघितली, गुलाबी दारू असते का म्हणून. चाखून बघितली, मग सगळी प्यायली, आणि मग सोडलं. येताना धनी गंभीरपणे म्हणाले, "जागा बरी नाय. चौकी लांब आसा, म्हातारीक चलवूचा नाय."

रविवारची सहल म्हणजे मात्र सुखाची गोष्ट होती, एक बारीकशी अडचण सोडली तर. ऊन पिवळं व्हायला लागलं की धनी उठलेच. पोरं पाण्यात असोत, वहिनींनी नुकतं चहाचं आधण ठेवलेलं असो. "चला, दिवेलागणीला घरी." वहिनी चिडायच्या. "अहो, समुद्रावर आणता आणि सूर्य बुडायच्या आत नेता. पोरांना वाटतं सूर्य फक्त गॅलरीतून बुडतो." धनी आधणाखालची चूल विझवायचे. पोरं रडत गाडीत. मी हँडल मारतोय, गाडी चालू होत नाही, धनी आभाळाकडे बघतायत. घरी पोचल्यावर कोणाला काही काम नसायचं. नुसतं पोचायचं. देवापाशी दिवा लागला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मला सगळं कळलं ते वहिनींकडून. पवईला एकदा पोरं आणि धनी पाण्याकडे गेले होते. मी सतरंजीची मोकळी जागा बघून म्हणालो, "वहिनी, इथे मी बसू का? कोणीच येत नाय."

वहिनी म्हणाल्या, "बस. पण ते यायच्या आत ऊठ. ती सासूबाईंची जागा आहे."

तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. धन्यांची आई मालवणला. एकटी. धनी पोरवयाचे असताना त्यांचे वडील पडावात, म्हणजे शिडाच्या होडीत, कौलं भरून निघाले. उंबऱ्यावरून म्हणाले, "येतंय." आता आमच्याकडे घरातून बाहेर पडणारा कोणीच 'जातंय' म्हणत नाही. बाजारात निघालेला पण 'येतंय' म्हणतो आणि आफ्रिकेला निघालेला पण 'येतंय' म्हणतो. जातो तो फक्त मेलेला माणूस. पण म्हातारीने तो शब्द खरा धरला. पडाव परत आला नाही, फळी नाही, दोरी नाही, माणूस नाही. गावाने सांगून बघितलं, भटाने सांगून बघितलं. तिने कुंकू पुसलं नाही. रोज दिवेलागणीला अंगणातल्या तुळशीपाशी दिवा लावायचा, समुद्राच्या बाजूने दिसेल असा, आणि एकही रात्र घर सोडायचं नाही. धन्यांनी मुंबईला ये म्हणून पाया पडून सांगितलं, तर म्हणाली, "मी थंय इलंय आनी ते हंय इले, तर दार कोण उघडतला?"

मग धन्यांनी विचारलं होतं, तुला काय हवं ते तरी सांग. तेव्हा म्हणाली, "म्हायेरची बाव बघूची आसा." बाव म्हणजे विहीर. तिचं माहेर कसालजवळ एका वाडीत. बैलगाडीने एक दिवस जायला, एक दिवस यायला, म्हणजे मधली रात्र चुकणार. सर्व्हिसच्या मोटारीत, म्हणजे बसमध्ये, ती बसायची नाही. "ती काय माझ्यासाठी थांबतली?" लग्न होऊन आल्यापासून ती दोन-चारदाच माहेरी गेली होती, आणि दिवा लावायला लागल्यापासून तर एकदाही नाही.

"म्हणून गाडी घेतली," वहिनी म्हणाल्या. "आणि म्हणून हे सगळं. त्यांना भीती वाटते. एकदाच बसेल ती गाडीत. काही चुकलं, उशीर झाला, दिवा राहिला, तर पुन्हा कधीच बसायची नाही."

मी त्या जागेवरून उठलो. उन्हात जाऊन बसलो. पुढच्या शनिवारी धन्यांनी "आता तू म्हातारी" म्हटल्यावर मी असा काही कण्हलो की ते घाबरले. "खरांच दुखता काय रे?"

शेवटी एका फाल्गुनात धनी म्हणाले, "चल, जाऊया." पोरांच्या परीक्षा होत्या म्हणून वहिनी आल्या नाहीत. आम्ही दोघंच मुंबईहून गाडीने निघालो. आगबोटीने माणूस सकाळी निघून कुठल्या कुठे पोचतो. आम्ही किती दिवस घेतले ते विचारू नका. वाटेत खाड्या. दोन होड्या शेजारी बांधून त्यावर फळ्या टाकायच्या आणि फळ्यांवर गाडी. तिथे गाडी चढवायला कौशल्य लागतं असं लोक म्हणतात. मी डोळे मिटून चढवायचो. धनी बाहेर उभे राहून पाट्या वाचल्यासारखे ओरडायचे, "उजवीकडे पाणी! डावीकडे पाणी!"

मालवणला पोचलो. म्हातारी अंगणात आली. मी तिला बघितलं, मग गाडीच्या खिडकीकडे बघितलं. धन्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं मी म्हातारी होऊन बसलो, उठलो, वाकलो, निजलो. खिडकीतून किती दिसतं, झाडाची फांदी डोक्याला लागते का, सगळं आम्ही बघितलं होतं. पण आमची म्हातारी सहा फुटांची होती. ही खरी म्हातारी माझ्या कोपराएवढी! तिला गाडीत बसवली तर खिडकीच्या काचेखाली गेली. बाहेरून बघणाऱ्याला गाडी रिकामी.

"बरी आसा गाडी," आतून आवाज आला. "पण माका नुसता आभाळ दिसता."

धनी माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी जाणूनबुजून उंच वाढलो होतो. शेवटी घरातला जेवायचा पाट आणला, त्यावर गोधडीची घडी, त्यावर म्हातारी. तेव्हा डोळे काचेच्या वर आले.

दुसऱ्या दिवशी धनी आणि मी रस्ता बघून आलो, म्हातारीशिवाय. चढ किती, पाणी कुठे, पूल कसा. परत निघायची वेळ धन्यांनी अशी धरली की गाडी वाटेत दोनदा बंद पडली तरी दिवेलागण चुकणार नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. म्हातारी तुळशीला म्हणाली, "येतंय हां." मग दाराला म्हणाली. मग आणखी कोणाला तरी, हळू.

वाटेत धनी दर मैलाला विचारत होते, "आये, कंबर काय म्हणता?" ती म्हणाली, "कंबर काय म्हणतली? तूच मघापासून म्हणतंस." काजूला बोंडं आली होती, पिवळी-तांबडी. एका वळणावर ती एकदम म्हणाली, "थांबव." मी थांबवली. धन्यांनी दार उघडलं. ती उतरली नाही. नुसता वास घेतला आणि म्हणाली, "चल."

माहेरी तिचा भाऊ राहिला नव्हता. भावाची बायको होती, हिच्याच वयाची, लहानपणी एकाच वाडीत एकत्र खेळलेली. ती पडवीत कुळीथ पाखडत होती. गाडी बघून उभी राहिली, पाटावरून उतरणारं माणूस बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"कोण गो ती?"

"मी गो."

"मेलंस कशी नाय अजून?"

"तू हंय आसंस तवसर कशी मरतंय?"

आणि दोघी अशा हसायला लागल्या की सुपातले कुळीथ सांडले. धनी सतरंजी घेऊन फणसाखाली सावली बघत उभे होते. तिकडे कोणी आलंच नाही. म्हातारी थेट बावीवर गेली. कठड्यावर ओणवी होऊन बघत राहिली. धनी धावले, "आये, तोल जायत!" तिने त्यांच्याकडे बघितलं पण नाही. दोर हातात घेतला, कळशी सोडली, भरून वर ओढायला लागली. मी पुढे झालो तर हाताने मागे सारलं. पाणी प्याली. तोंडावर मारलं. कुंकू थोडं ओघळलं, ते भावजयेने पदराने पुसून सारखं केलं.

दुपारी दोघी पडवीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, बोलता बोलता झोपल्या. चटई नाही, उशी नाही. वारा कुठून येतोय ते कोणी बघितलं नव्हतं. मुंग्या होत्या. धनी दारात उभे राहून बघत होते. मी जवळ गेलो तर मला बोटानेच गप्प केलं. त्या माणसाला मी पोलिसांपुढे, वखारीत, खाडीत, सगळीकडे बघितला होता, पण असा हात बांधून उभा राहिलेला बघितला नव्हता. काही करायला उरलंच नव्हतं त्यांना.

ऊन पिवळं व्हायला लागलं तसे ते पडवीसमोर येरझाऱ्या घालायला लागले. मग खोकले. मग म्हणाले, "आये, निघाक होया. दिवेलागण चुकात."

ती उठली. लगबगीने पदर सारखा केला, भावजयेच्या गालावरून हात फिरवला. गाडीपाशी आली. मी दार उघडलं, पाट झाडून ठेवला. तिने एक पाय गाडीत ठेवला. शनिवारी मी करायचो तस्साच, दाराला धरून, दम घ्यायला थांबली. आणि पाय परत खाली घेतला.

"तू जा. मी आज रवतंय."

धन्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मग म्हणाले, "आये, दिवो?"

"दिवो तू लाव. तुझो बापूस नाय तो?" ती काही रागाने बोलत नव्हती. मीठ संपलंय असं सांगावं तशी बोलत होती. "इतकी वर्सां मी वाट बघलंय. आज तू बघ."

धन्यांच्या सगळ्या सहलींमध्ये, सगळ्या शनिवारांमध्ये ही एक गोष्ट धरलेली नव्हती, की म्हातारीला तिथेच राहावंसं वाटेल. ते गाडीत बसले, पहिल्यांदाच पुढे, माझ्या शेजारी. पाट्या वाचल्या नाहीत. माझा रस्ता चुकला, परत सापडला, दोन्ही त्यांना कळलं नाही.

पोचलो तेव्हा उजेड होता थोडा. धन्यांनी पणती घेतली, तेल घातलं, वात केली. वात त्यांना करता येईना, जाड व्हायची. मग तुळशीपाशी लावली. वारा समुद्राचा, विझली. परत लावली, विझली. जागांचा वारा बघण्यात आयुष्य गेलेला माणूस, घरच्या अंगणातला वारा काही त्यांना सापडेना. शेवटी मी आणि ते दोघं हाताचा आडोसा करून उकिडवे बसलो, आणि ज्योत उभी राहिली. धनी उठले नाहीत. तिथेच पायरीवर बसून माडांतून येणाऱ्या वाटेकडे बघायला लागले.

बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "रे, कोणतरी येता असां वाटता, नाय?"

मी बघितलं. "धन्यानू, ती गाय आसा."

"गाय आसा होय," ते म्हणाले, आणि तिच्याकडे पण बघत राहिले, ती वळून जाईपर्यंत.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण पुढचं थोडंच आहे. मुंबईला आल्यावर शनिवार बंद झाले. रविवारी आम्ही जायचो, पण जागा न बघता, कुठेही. पोरं काट्यात धावली, वहिनींच्या डोळ्यात धूर गेला, आणि एकदा मढच्या किनाऱ्यावर सूर्य पुरा बुडेपर्यंत बसलो, पोरं टाळ्या वाजवत होती. बुंध्याजवळची जागा धन्यांनी घेतली. त्यांना तिथे झोप लागायची. मला मात्र काही काम उरलं नाही. मी नुसता ड्रायव्हर झालो, आणि ड्रायव्हर म्हणून मी कसा होतो ते वर सांगितलंच आहे. आता ती गाडी नाही, धनी नाहीत, म्हातारी तर कधीच नाही. वहिनी आहेत की नाहीत ते विचारायची हिंमत होत नाही. मी परत गावी आलो. अंगणात फणस आहे. दुपारी त्याच्याखाली आडवा होतो तेव्हा सावली सरकते, ऊन तोंडावर येतं, आणि मी वाट बघतो की कोणीतरी पायाला धरून सावलीत ओढील.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो परतीचा रस्ता. 'आज' म्हणत म्हातारी माहेरी बरेच दिवस रमली, धन्यांनी तोवर रोज दिवा लावला, आणि मग आम्ही तिला आणायला गेलो. गाडीत पाटावर बसल्यावर तिने पहिलं विचारलं, "दिवो?"

"लावलंय," धनी म्हणाले.

"रोज?"

"रोज."

"वाऱ्यान इजलो?"

"पयल्या दिसा. दोनदा."

"इजताच," ती म्हणाली, आणि मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात तिथून तिने काढला नाही, आणि धनी हलले नाहीत. खिडकीबाहेर बोंडांनी वाकलेले काजू. आरशात मला दोघांची डोकी सारख्या उंचीवर दिसत होती, पाटामुळे.

मला राहवेना. इतकी वर्षं तिचा भाग केलेला माणूस मी, मला वाटलं माझं पण काहीतरी नातं लागतं. मी मान वळवून म्हणालो, "आये, वायच डाव्या अंगार रेला. पाय वर घेवा. फुडे चढ आसा, कंबर धरतली. माका सगळा ठावक आसा. म्हातारीक काय होया, ता माझ्याइतक्या कोणाक कळाचा नाय!"

म्हातारी म्हणाली, "मेल्या, म्हातारी मी आसंय. तू फुडे बघान गाडी हाक."